रविवारची तीन वजनं

माझं तोंड फटकळ आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. कुंडलमधल्या आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मी चोवीस वर्षं सेविका आहे आणि माझी बोलणी खाल्ली नाहीत अशी एकही आई वस्तीवर सापडायची नाही. मला त्याचा अभिमान होता. होता, असंच म्हणायला पाहिजे आता.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे पोरांची वजनं होतात. आया रांगेनं बसतात, मी एकेक पोर काट्यावर ठेवते आणि आकडा मोठ्यानं वाचते. मग आमच्या मदतनीस हरणाबाई भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या तक्त्यावर पोराच्या नावापुढं टिकली चिकटवायच्या. वजन बरं भरलं तर हिरवी, कमी भरलं तर लाल. ही टिकल्यांची शक्कल सरकारची नव्हे, माझी. बाजारातून पाकिटं आणून मीच सुरू केली होती. लाल टिकली लागली की चारचौघीत आई लाजते आणि लाजली की पोराच्या पोटात चार घास जास्त जातात, असं माझं गणित. तालुक्याच्या बैठकीत सुपरवायझर बाईंनी माझं नाव घेऊन कौतुक केलं होतं. माझ्या तक्त्यावर दीड वर्षात एकही लाल टिकली नव्हती.

शेवटची लाल टिकली राजेश्वरीच्या साईराजची. तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता, हातापायाच्या नुसत्या काड्या. लागोपाठ तिसऱ्या महिन्यात त्याचं वजन कमी भरलं तेव्हा मी भरल्या खोलीत म्हणाले होते, "राजेश्वरी, पोरगं तुझंच हाय न्हवं? का शेजारणीचं सांभाळायला घेतलंयस?" सगळ्या हसल्या. राजेश्वरी हसली नाही. पोर उचलून गेली ती तीन महिने फिरकली नाही. पुढं मिरजेत तपासणी झाली, त्याच्या लघवीत दोष निघाला आणि औषधानं पोर सुधारलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, मी बोलले म्हणून ती दवाखान्यात गेली.

माझी लेक श्रद्धा साताऱ्यात नोकरी करते. सासर मेढ्याचं. जावई जयराज फौजेत, सध्या पठाणकोटला. नवव्या महिन्यात बाळंतपणाला माझ्याकडे यायचं ठरलं होतं, पण तिला साताऱ्यातच आधी कळा सुरू झाल्या. पोरगा झाला. झाला तो रडलाच नाही, निळा पडला. एक्स-रे काढल्यावर कळलं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला जन्मतःच भोक आहे, त्यातून आतडी वर छातीत गेलीत आणि डाव्या बाजूचं फुप्फुस दबून गेलंय. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सनं सांगलीला. चौथ्या दिवशी ऑपरेशन. आतडी खाली घेतली, भोक शिवलं, आणि पोर महिनाभर श्वासाच्या मशीनवर राहिलं. नाव ठेवलं राजस.

राजस जगला. मला वाटलं, संपलं. आता काय, दूध पाजायचं आणि वाढवायचं. तो तर माझा धंदाच.

पण राजस दूध पिईना. दवाखान्यातल्या डॉक्टर अश्लेषा मॅडमनी आम्हाला नीट बसवून समजावलं होतं. अशा बाळांचं असंच असतं, म्हणाल्या. श्वास घेण्यातच त्यांची ताकद जाते, म्हणून दूध इतरांपेक्षा जास्त लागतं, आणि नेमकं तेच त्यांना घेता येत नाही. जठरातलं दूध उलटं वर येतं, घशात जळजळतं. त्यात महिनाभर तोंडात नळ्या. तोंडाजवळ काही आलं की दुखतं एवढंच त्याला ठाऊक झालंय. "हा हट्ट नाही आणि यात आईची चूक नाही," हे त्या श्रद्धाकडे बघून दोनदा म्हणाल्या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, तुम्ही पुस्तकं वाचलीत बाई, मी पोरं वाढवलीत.

पाचव्या महिन्यात सुट्टी मिळाली तेव्हा त्याचं वजन तीन किलो आठशे ऐंशी होतं. नाकातून जठरापर्यंत बारीक नळी, गालावर चिकटपट्टी. दिवसाला आठ वेळा सत्तर सत्तर मिली दूध. आधी दहा मिनिटं चमच्यानं तोंडात द्यायचा प्रयत्न करायचा, राहिलेलं नळीतून. सिरिंज उभी धरायची, दूध आपलं आपण उतरू द्यायचं, मग अर्धा तास बाळ उभं खांद्यावर. मॅडमनी दवाखान्याजवळ खोली घेऊन महिनाभर राहा म्हणून सुचवलं. श्रद्धाचीही तयारी होती. मीच अडून बसले. म्हटलं, "कुंडलला चला. दोन महिन्यात बाळसं आणून दावते." हे वाक्य मी दवाखान्यात बोलले, एस.टी. स्टँडवर बोलले, आणि गावात तर घरोघरी बोलले.

शेवटी ठरलं असं. दर रविवारी अंगणवाडीच्या काट्यावर वजन करायचं आणि मॅडमना फोनवर कळवायचं. वजन चांगलं वाढत राहिलं तर नळीचं दूध हळूहळू कमी करायचं, म्हणजे त्याला भूक लागेल आणि तो तोंडानं घ्यायला शिकेल. नाही वाढलं तर लगेच यायचं.

पहिल्या रविवारी मी राजसला घेऊन एकटीच अंगणवाडीत गेले. श्रद्धा यायला निघाली होती. मी म्हटलं, "तू पड जरा. पाच म्हैनं झालं, डोळा न्हाई तुझ्या डोळ्याला." खरं सांगायचं तर गेल्या आठ दिवसांत तो चमचाभरही नीट प्यायला नव्हता. चमचा दिसला की मान फिरवायचा, उबळ यायची, नळीतलं सगळं माझ्या पदरावर. काट्यावर काय दिसणार याचा मला अंदाज होता आणि मला ते कुणाच्या देखत बघायचं नव्हतं.

तीन किलो आठशे नव्वद. आठ दिवसांत दहा ग्रॅम.

घरी आले तर श्रद्धा उंबऱ्यात उभी, फोन हातात, मॅडम लाइनवर. "आई, किती?" तिच्या तोंडाकडं बघून माझ्या तोंडातून निघालं, "चार किलो पन्नास."

लेकीचं तोंड बघवलं नाही म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, गावातल्या आया मला विचारणार होत्या, ताई, नातू किती भरला? आणि माझ्या स्वतःच्या घरातल्या पोराला लाल टिकली लागलेली मला सहन होणार नव्हती.

श्रद्धा रडली. पाच महिन्यात ती आनंदानं पहिल्यांदा रडत होती. फोनवर मॅडमही खूश झाल्या. म्हणाल्या, "छान! मग नळीचं दूध दहा मिलीनं कमी करून बघू." तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी उघडलं नाही. मनाची समजूत घातली, बरंच झालं, भूक लागली की पोर पितंच. चोवीस वर्षं मी आयांना हेच तर सांगत आले होते.

सोमवारी वजनं झाली. हरणाबाईंनी माझ्या सांगण्यावरून तक्त्यावर सगळ्यात खाली राजसचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं टिकली चिकटवली. हिरवी. नियमानं चार किलो पन्नासलाही ती लागत नाही, पाच महिन्याच्या पोराला तेवढं कमीच. पण मला कोण विचारणार? राजेश्वरी रांगेत धाकट्या मुलीला घेऊन बसली होती. तिनं टिकलीकडं बघितलं आणि "बरं झालं ताई, देव पावला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या रविवारी तीन किलो आठशे साठ. मी सांगितलं, चार किलो दोनशे. एकदा वर गेलेलं वजन खाली कसं आणायचं? मॅडमनी आणखी दहा मिली कमी केले. जयराजचा त्या दिवशी फोन आला. त्यानं बराकीत सगळ्यांना जिलेबी वाटली आणि तेव्हाचा फोटो पाठवला. सात-आठ जवान, हातात कागदी डिशा, मध्ये माझा जावई दात काढून हसतोय. श्रद्धानं तो फोटो मला तीनदा दाखवला. डोकं दुखतंय म्हणत मी आत जाऊन पडले.

तिसऱ्या रविवारी तीन किलो सातशे ऐंशी. मी म्हटलं, चार किलो तीनशे दहा.

राजस आता फार रडत नव्हता. श्रद्धाला वाटायचं, शहाणा झाला. मला माहीत होतं की हे शहाणपण नव्हे. लंगोट कमी ओले होत होते आणि दूध द्यायच्या वेळी त्याला उठवावं लागत होतं. हेच जर दुसऱ्या कुणाच्या घरात दिसलं असतं तर मी आईला फरफटत दवाखान्यात नेलं असतं. स्वतःच्या घरात मी देवाला नारळ बोलले.

बुधवारी सकाळी राजेश्वरी आमच्या घरी आली. घरच्या म्हशीचा खरवस केला होता, तो श्रद्धाला द्यायला. श्रद्धा सिरिंज धूत होती, ती म्हणाली, "वहिनी, घ्या की त्याला जरा." राजेश्वरीनं राजसला उचललं. उचललं आणि तशीच थांबली. मग तिनं त्याला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, बगलेत हात घालून किंचित वर केलं, खाली केलं. मी चुलीपाशी उभी होते. ती माझ्याजवळ आली आणि श्रद्धाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, ह्यो चार किलो न्हाई."

"काट्यानं दावलंय," मी म्हणाले.

"माज्या हातानं वरीसभर हलकं पोर उचललंय, ताई. मला कळतं." मग माझ्याकडं न बघता, राजसच्या टाळूवरून हात फिरवत ती म्हणाली, "काट्यात काय बिघाड असंल. मशीनच हाय शेवटी. पर आजच न्या ह्याला सांगलीला. उशीर करू नका."

तिला सगळं कळलं होतं. तरी तिनं मला वाट काढून दिली होती. आणि मी काय करावं? मी ती वाट धरली. श्रद्धाला हाक मारून म्हणाले, "श्रद्धे, काटा बिघडलाय वाटतं. चल, सांगलीला जाऊन येऊ." त्या घटकेचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. खोटं पकडलं गेलं होतं, तरी मी सरळ झाले नाही.

माझे यजमान लालासाहेब गाडी चालवत होते. पलूस गेलं, भिलवडी गेली. दवाखान्यात राजसला काट्यावर ठेवलं. तीन किलो सहाशे नव्वद. अश्लेषा मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, नर्सला सलाईन लावायला सांगितलं आणि मग श्रद्धाला विचारलं, "दूध देताना मला दाखवशील का कसं देतेस ते?"

श्रद्धानं सिरिंज धरली. "मॅडम, एकदा सकाळी मला जाग आली नाही," ती म्हणाली. "पाऊण तास उशीर झाला. आणि मागच्या आठवड्यात त्यानं उलटी केली तेव्हा मी परत सगळं दिलं नाही, अर्धंच दिलं. त्यानं झालं का हो? माझ्या दुधातच काही नसेल का?" ती एकेक चूक शोधून शोधून पुढं ठेवत होती. मी हे ओळखलं. माझ्या खोलीत, माझ्या तक्त्यासमोर, आया अशाच उभ्या असायच्या.

"तिचं काय चुकलेलं न्हाई," मी म्हणाले. "काटा बरोबर हाय. मी खोटं सांगितलं."

मॅडमना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाल्या, "तिन्ही रविवारची खरी वजनं सांगा." मी सांगितली. तीन आठशे नव्वद. तीन आठशे साठ. तीन सातशे ऐंशी. एकदाही अडखळले नाही. त्यांनी लिहून घेतली, पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या आकड्यांवर मी त्याचं दूध काढून घेतलं. त्याच्या पोटातलं. तुम्हाला कळतंय ना?"

मला कळत होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यासारखी एखादी बाई तिथं असती आणि चारचौघात लाज काढली असती तरी चाललं असतं. त्या नुसत्या उठून राजसकडं गेल्या.

श्रद्धानं माझ्याकडं बघितलं नाही. लालासाहेबांना म्हणाली, "बाबा, आईला घेऊन जावा घरी. मी थांबते." मी म्हटलं, तुझ्याजवळ कुणी नको का? ती म्हणाली, "नको." तेवढंच.

राजस अकरा दिवस दवाखान्यात होता. मी घरी. अंगणवाडीत जायचे, खिचडी शिजवून घ्यायचे, पोरांना वाढायचे. कुणाला बोलायचं बळ नव्हतं. सहाव्या दिवशी राजेश्वरीच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. मी म्हणाले, "राजेश्वरी, तवा मी तुला सगळ्यांसमोर बोलले, साईराजवरनं..."

"बसा. च्या टाकते," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. मग भाकरीकडंच बघत म्हणाली, "त्या दिशी मी घरी जाऊन साईराजला लय मारलं हुतं, ताई. खाईत न्हाई म्हणून. तोंड दाबून भरवलं, त्यानं वकलं, तर परत मारलं. तुमी टाकून बोलला त्याचं मला काय न्हाई. पर त्याचा गाल सुजला हुता, ते मला अजून दिसतं."

मी चहा न पिता उठले. चालत अंगणवाडीत गेले, कुलूप काढलं आणि भिंतीवरचा तक्ता उतरवला. मागं चुन्याचा पांढरा चौकोन राहिला. एकेक टिकली नखानं काढत बसले. लाल एकही नव्हती. सगळ्या हिरव्या होत्या आणि त्यातल्या किती अशाच मार खाऊन हिरव्या झाल्या असतील ते मला माहीत नव्हतं.

पुढचा पहिला सोमवार आला. आया जमल्या. हरणाबाईंनी भिंतीकडं बघून विचारलं, "ताई, आता टिकली कुटं लावायची?" मी म्हटलं, कुठंच नाही. वजनं सुरू झाली. मी आकडा आईला दाखवायचे आणि गप वहीत लिहायचे. जुन्या सवयीनं सगळ्या मान वर करून ऐकायला बघायच्या आणि मग परत खाली घालायच्या.

शेवटी दारात श्रद्धा आली. आदल्या दिवशीच सुट्टी मिळाली होती. घरी आली होती ती सामान न्यायला. सांगलीत दवाखान्याजवळ तिनं खोली घेतली होती. राजस तिच्या खांद्यावर होता, गालावर नवी चिकटपट्टी. मी काटा पुसला, शून्य केला, हात पुढं केले. श्रद्धा माझ्यापर्यंत आली. मग तिनं स्वतःच राजसला काट्यावर ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली,

"राजेश्वरी वहिनी, जरा इकडं येता? किती आहे ते तुम्ही बघा."

चोवीस वर्षं त्या खोलीत काटा मी वाचला होता. मी बाजूला झाले.

राजेश्वरी पुढं आली. वाकून बघितलं. सगळ्या खोलीचे कान तिच्याकडं लागले होते. आकडा मोठ्यानं ऐकायची सवय मीच त्यांना लावली होती. ती बोलली नाही. राजसला उचललं, हातावर जरा तोललं, आणि श्रद्धाच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. श्रद्धानं डोळे मिटले, उघडले आणि फोन घेऊन अंगणात गेली. दारातून तिचा आवाज येत होता, "मॅडम, श्रद्धा बोलतेय..." पुढचं लांब गेलं.

मी वहीशी बसले. राजसच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. विचारायची हिंमत होईना. राजेश्वरी राजसला कडेवर घेऊन आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक आकडा कोरत लिहिलं. तीन किलो नऊशे वीस. माझ्या पहिल्या खोट्याच्याही खाली होतं ते. पण खरं होतं.

मग तिनं वही माझ्याकडं फिरवली आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "मी लिवलंय, ताई," ती हळू म्हणाली. "तुमी नुसती सही करा."

मी सही केली.